घर, शाळा आणि श्रद्धा : कॅथलिक कुटुंबातील गृहशिक्षणाच्या विचाराचे परीक्षण

१. प्रश्नाचे स्वरूप

लहान मुलांना शाळेत न धाडता घरीच शिकवावे, कारण ख्रिस्तसभेने आईबापांनाच मुलांचे प्रथम शिक्षक मानले आहे, असे प्रतिपादन गेल्या काही दशकांत कॅथलिक जगतात ठिकठिकाणी होऊ लागले आहे. या विचाराला संघटित रूप आले ते मुख्यतः उत्तर अमेरिकेत. २०२० च्या मार्च महिन्यापासून साथीमुळे आपल्या देशातील शाळा बंद पडल्या आणि घरोघरी माजघराचा वर्ग झाला, तेव्हा हा प्रश्न आपल्याही उंबरठ्यावर येऊन उभा राहिला. आज एखादे तरुण दांपत्य धर्मगुरूंना विचारते, ‘मुलाला घरीच शिकवले तर ख्रिस्तसभेची संमती आहे काय?’ या प्रश्नाला होकार वा नकार देऊन मोकळे होता येत नाही. तो ज्या वचनांवर आधारलेला आहे त्या वचनांचाच अर्थ आधी नीट पाहावा लागतो. प्रस्तुत लेखाचा हेतू तेवढाच आहे.

मेषपालीय विचाराची खरी कसोटी मोठ्या शहरातील भरल्या धर्मग्रामात लागत नाही. ती लागते पीपलरावांसारख्या गावी. माळव्याच्या पठारावर, देवास जिल्ह्यात, सोनकच्छच्या बाजूस हे छोटे नगर आहे. देवासच्या पवारांच्या थोरल्या व धाकट्या पातीबरोबर या प्रदेशात मराठी भाषा आली आणि मराठी कुटुंबे आजही येथे नांदत आहेत. धर्मप्रांत इंदूरचा. समजा, नोकरीतील बदलीमुळे एखादे मराठी कॅथलिक कुटुंब अशा गावी येऊन राहिले. मूल चार वर्षांचे आहे. रविवारच्या मिस्सासाठी प्रवास करावा लागतो. धर्मशिक्षणाचा वर्ग जवळ नाही. शाळेत घातले तर वर्गात ख्रिस्ती मूल ते एकटेच. अशा मातापित्यांना गृहशिक्षणाचा विचार मोहक वाटला तर त्यांस दोष देता येणार नाही. परंतु मोहक विचार योग्य असतोच असे नाही, म्हणून त्याचे परीक्षण करावयाचे.

२. वचनांचा अर्धा आणि पूर्ण अर्थ

गृहशिक्षणाचे पुरस्कर्ते ज्या आधारवचनांचा हवाला देतात ती खरी आहेत, यात शंका नाही. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ख्रिस्ती शिक्षणाविषयी जो जाहीरनामा प्रसिद्ध केला, त्याच्या तिसऱ्या परिच्छेदात आईबापांना प्रथम व प्रमुख शिक्षक म्हटले असून, त्यांची उणीव भरून काढणे जवळजवळ अशक्य असल्याचे बजावले आहे. पोप दुसरे जॉन पॉल यांनी २२ नोव्हेंबर १९८१ च्या कुटुंबविषयक प्रबोधनपत्रात हा अधिकार मूलभूत, आद्य व अहस्तांतरणीय ठरवला. १९८३ च्या धर्मसंहितेतील २२६, ७९३ व ११३६ ही कलमे तेच कर्तव्य कायद्याच्या भाषेत मांडतात.

पण याच ग्रंथांतील पुढची पाने उलटली की चित्र पालटते. विश्वपरिषदेच्या त्याच परिच्छेदात, कुटुंबाला या कार्यात संपूर्ण समाजाच्या साहाय्याची गरज असते, असेही म्हटले आहे. १९८१ च्या प्रबोधनपत्रातील चाळिसावा परिच्छेद तर अधिक स्पष्ट आहे. कुटुंब हा प्रथम शिक्षणसमुदाय होय, पण तो एकमेव नव्हे, असा त्याचा आशय आहे. धर्मसंहितेचे ७९६ वे कलम शाळेला आईबापांचे प्रमुख साहाय्य मानते आणि ती मोलाची समजावी असे श्रद्धावंतांस सांगते. ७९८ वे कलम कॅथलिक शाळा उपलब्ध नसल्यास मुलांच्या धर्मशिक्षणाची तरतूद शाळेबाहेर करण्याचे कर्तव्य आईबापांवर टाकते. मुलाला शाळेतून काढावे असे ते म्हणत नाही. ही कलमे गृहशिक्षणाला मनाई करीत नाहीत हे खरे, परंतु शाळेपासून दूर राहणे हीच कॅथलिक कुटुंबाची आदर्श अवस्था होय, असा अर्थ त्यांतून काढणे म्हणजे वाक्याचा कर्ता ठेवून क्रियापद गाळण्यासारखे आहे. ‘प्रथम’ या शब्दातच दुसऱ्याचे अस्तित्व गृहीत धरलेले असते.

इतिहासाचा एक दाखला येथे उद्बोधक ठरेल. अमेरिकेतील ऑरेगन राज्याने सर्व मुलांना सरकारी शाळेतच घालण्याची सक्ती केली, तेव्हा तिच्याविरुद्ध न्यायालयात उभी राहिली ती भगिनींची एक शिक्षणसंस्था. १ जून १९२५ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द ठरवला आणि पोप अकरावे पायस यांनी १९२९ च्या शिक्षणविषयक परिपत्रकात त्या निकालाची आदराने दखल घेतली. आज गृहशिक्षणाचे पुरस्कर्ते या निकालाकडे बोट दाखवतात. परंतु तो लढा शाळा चालवण्याच्या व निवडण्याच्या स्वातंत्र्यासाठी होता. बाल्टिमोरच्या १८८४ च्या तिसऱ्या धर्मपरिषदेने प्रत्येक चर्चजवळ शाळा असावी असे ठरवले होते, त्याच परंपरेतून तो उभा राहिला. १९६० च्या दशकानंतर तेथील कॅथलिक शाळांची संख्या घटत गेली आणि काही कुटुंबे घराकडे वळली. एका समाजाच्या विशिष्ट अडचणीतून निघालेला उपाय दुसऱ्या समाजाने सिद्धान्त म्हणून स्वीकारण्यापूर्वी हा क्रम ध्यानात घ्यावा.

३. संत थॉमस यांची उपमा

या प्रश्नाचा ईश्वरविज्ञानात्मक गाभा संत थॉमस अक्विनास यांच्या एका विवेचनात सापडतो. अख्रिस्ती आईबापांच्या मुलांना त्यांच्या इच्छेविरुद्ध बाप्तिस्मा द्यावा काय, या प्रश्नाला त्यांनी नकारार्थी उत्तर दिले. त्यांचे कारण असे की, मूल प्रथम मातेच्या उदरात असते आणि जन्मानंतर, विवेकबुद्धी जागी होईपर्यंत, आईबापांच्या सांभाळात जणू एका आध्यात्मिक गर्भाशयात असते. तेथून त्याला ओढून काढणे निसर्गाच्या न्यायाविरुद्ध होय. ही उपमा आईबापांच्या अधिकाराला देता येईल तेवढे मोठे संरक्षण देते. शासन असो वा ख्रिस्तसभा, त्या गर्भाशयावर घाला घालण्याचा अधिकार कोणासही नाही.

परंतु गर्भाशयाची उपमा स्वीकारली की तिची दुसरी बाजूही स्वीकारावी लागते. गर्भाशय असतो तो प्रसूतीसाठी. दिवस भरल्यावरही तो गर्भाला सोडीत नाही, तर माता व बालक दोघेही संकटात येतात. म्हणून ‘घरी शिकवावे काय’ या प्रश्नाला वयाचा विचार सोडून उत्तर देता येत नाही. चार वर्षांच्या मुलाला आईच्या मांडीवरून उठवून बाकावर बसवण्याची घाई आणि बारा वर्षांच्या मुलाला जगाच्या भीतीने दाराआड ठेवण्याचा हट्ट, या दोन्ही चुका एकाच उपमेने उघड होतात. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ च्या प्रबोधनपत्रात (२६१ वा परिच्छेद) मुलाच्या प्रत्येक हालचालीवर ताबा ठेवण्याच्या ध्यासाला शिक्षण म्हणता येत नाही, असा जो इशारा दिला, तो याच विचाराचा विस्तार होय.

नाझरेथच्या पवित्र कुटुंबाचा दाखला या संदर्भात नेहमी दिला जातो, आणि तो योग्यच आहे. पण संत लूक यांचा वृत्तांत पुरता वाचला पाहिजे. येशू मरिया व योसेफ यांच्या आज्ञेत वाढला, तसाच तो बाराव्या वर्षी मंदिरात गुरुजनांमध्ये बसून त्यांचे ऐकत व त्यांना प्रश्न विचारीत होता. सभास्थानात जाणे हा त्याचा परिपाठ होता. नाझरेथचे घर उघड्या दाराचे होते.

४. फादर स्टीफन्स यांची दोन पुस्तके

आपल्या भाषेत या विषयावरील सर्वांत मोठा धडा चारशे वर्षांपूर्वी घालून दिलेला आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. पहिल्या पुराणाचे ३६ व दुसऱ्याचे ५९ अवस्वरू, मिळून १०,९६२ ओव्या, एवढा त्याचा विस्तार. जुनी पुराणे वर्ज्य केलीत, तर त्यांच्या जागी आम्हांस दुसरे पुराण का देत नाही, ही नवख्रिस्ती माणसाची पृच्छा ग्रंथाच्या आरंभीच आली आहे. याचा अर्थ, सासष्टीतील त्या कुटुंबांना उणीव जाणवली ती घरी, देवळात व सणासुदीला बसून ऐकण्यासारख्या वाङ्मयाची. पोथी ऐकत वाढलेल्या समाजाला सिद्धान्तांची यादी पुरेशी नव्हती.

मात्र ‘ख्रिस्तपुराण’ हे बालशिक्षणाचे पुस्तक होते असे म्हणणे समीक्षेच्या दृष्टीने चुकीचे ठरेल. त्याची भाषा ग्रांथिक मराठी आहे. गोव्यातील मुलाच्या कानावर घरी पडणारी ती बोली नव्हे. त्रैक्य व अवतार यांचे त्यातील विवेचन प्रौढांसाठी आहे. फादर स्टीफन्स यांना हे ठाऊक होते, याचा पुरावा म्हणजे त्यांचे दुसरे पुस्तक. त्यांच्या निधनानंतर (१६१९) तीन वर्षांनी, १६२२ साली, कोकणीतील प्रश्नोत्तररूप ‘दोउत्रीन क्रिस्तां’ प्रसिद्ध झाले. लहानांसाठी घरची भाषा व छोटी प्रश्नोत्तरे, कुटुंबासाठी साहित्याची भाषा व ओवी, अशी ही विभागणी आहे. तिच्यातील शहाणपण असे की, मूल आज ज्या भाषेत उत्तर देते ती भाषा आणि उद्या ज्या भाषेत विचार करील ती भाषा, दोन्ही त्याच्या कानावर एकाच काळी पडाव्यात. आपण आज प्रश्नोत्तरी तेवढी राखली आणि पुराण कपाटात ठेवले. परिणामी मुलाला उत्तरे येतात, पण कथा येत नाही.

पुढचा इतिहास अधिक बोलका आहे. १६८४ साली पोर्तुगीज शासनाने स्थानिक भाषेचा वापर मोडून काढण्याचा हुकूम काढला. छापील प्रतींपैकी आज एकही उपलब्ध नाही. तरीही ग्रंथ टिकला तो हस्तलिखितांतून, विशेषतः मंगळूरकडील ख्रिस्ती कुटुंबांच्या घरांतून. टिपू सुलतानाच्या काळात १७८४ ते १७९९ पर्यंत श्रीरंगपट्टणच्या बंदिवासात याच ओव्यांनी धीर दिला, असे परंपरा सांगते. अशा घरोघरच्या हस्तलिखितांच्या आधारे जोसेफ सालढाणा यांनी १९०७ साली मंगळूरला त्याची नवी आवृत्ती काढली. शाळा नव्हती, छापखाना नव्हता, शासन प्रतिकूल होते, तेव्हा घराने ग्रंथ राखला.

याहून टोकाचे उदाहरण जपानचे. १६१४ च्या बंदीनंतर तेथील श्रद्धावंत धर्मगुरूंविना सात-आठ पिढ्या जगले. १७ मार्च १८६५ रोजी नागासाकीच्या ओउरा चर्चमध्ये काही खेडूत फादर पेतिजां यांच्यासमोर येऊन उभे राहिले व त्यांनी आपली श्रद्धा प्रकट केली. ती त्यांना आईबापांकडून मिळाली होती. परंतु येथेही एक गोष्ट सहसा दुर्लक्षिली जाते. त्या खेड्यांत बाप्तिस्मा देणारा, सणवारांची गणना ठेवणारा असे नेमलेले प्रापंचिक सेवक होते. एकेकटे घर तगले नाही, घरांचा समुदाय तगला. गृहशिक्षणाच्या समर्थकांनी नागासाकीचा दाखला द्यावा, पण पुरता द्यावा.

५. घरी शिकलेल्या विदुषीने शाळा काढली

महाराष्ट्राच्या ख्रिस्ती इतिहासात घरच्या शिक्षणाचे सर्वांत तेजस्वी फळ म्हणजे पंडिता रमाबाई (१८५८–१९२२). त्या कॅथलिक नव्हत्या, तथापि या प्रश्नात त्यांचे चरित्र टाळून पुढे जाता येत नाही. अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकमताची पर्वा न करता आपल्या पत्नीला संस्कृत शिकवले, आणि त्या माउलीने तीर्थयात्रेच्या भटकंतीत मुलीला शिकवले. शाळेचे तोंडही न पाहिलेल्या या मुलीला १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितसभेने ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. घरचे शिक्षण शाळेपेक्षा कमी प्रतीचे असते, हा आक्षेप एवढ्या एका उदाहरणाने निकालात निघतो.

परंतु रमाबाईंनी पुढे काय केले? ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत शारदासदन उघडले. स्वतः घरी शिकलेल्या स्त्रीने शाळा काढली, कारण आपल्याला मिळाले तसे घर हजारो मुलींना लाभलेले नाही हे तिला स्वच्छ दिसत होते. गृहशिक्षणाच्या विचारातील सर्वांत मोठी नैतिक उणीव येथे उघडी पडते. ज्या घरात आई शिकलेली आहे, वेळ आहे, पुस्तके आहेत, त्या घराचा हा विचार आहे. शेतावर मजुरीला जाणाऱ्या, निरक्षर राहिलेल्या ख्रिस्ती मातेला तो काय देतो? आणि सुशिक्षित कुटुंबांनी एकेक करून शाळेतून अंग काढून घेतले, तर मागे राहणाऱ्या मुलांच्या शाळेची चिंता कोणी वाहावी? ख्रिस्ती शिक्षणाचा प्रश्न केवळ ‘माझ्या मुलाचे काय होईल’ एवढाच नसतो. तो ‘माझ्या मुलाच्या शेजाऱ्याचे काय होईल’ असाही असतो.

६. सहा वर्षांपर्यंतचे वय

तथापि लहान मुलांपुरता, म्हणजे शाळेच्या वयापूर्वीच्या बालकांपुरता, गृहशिक्षणाचा विचार फार सबळ आहे, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेला शिक्षणहक्काचा कायदा ६ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी आहे. दहाव्या कलमान्वये त्या वयाच्या मुलाला शेजारशाळेत दाखल करणे हे पालकांचे कर्तव्य आहे. गृहशिक्षणाचा स्पष्ट उल्लेख कायद्यात नाही, त्यामुळे मोठ्या मुलांबाबत सल्ला देताना धर्मगुरूंनी सावध असावे. सहा वर्षांखालील मुलांबाबत मात्र पालकांवर अशी सक्ती नाही. अडीच-तीन वर्षांच्या बालकाला पाटी-दप्तर देऊन मुलाखतीला उभे करण्याची जी रीत पडली आहे, तिच्यामागे ना कायदा आहे, ना बालमानसशास्त्र, ना ख्रिस्तसभेची शिकवण.

या वयाचे शिक्षण कसे असावे, हे पाहण्यासाठी परदेशी जाण्याचे कारण नाही. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी बोर्डी व कोसबाड येथे जे कार्य उभे केले, ते वसईच्या धर्मग्रामांपासून फार दूर नाही. मूल शाळेत येत नसेल, तर शाळेनेच त्याच्या अंगणात जावे, या विचारातून अंगणवाडी जन्मली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. ताराबाईंनी ज्यांच्या पद्धतीला देशी रूप दिले त्या मारिया माँटेसरी स्वतः कॅथलिक होत्या आणि लहान बालकाला उपासनेची जाण असते, असा त्यांचा अनुभव होता. १९५४ पासून रोममध्ये सोफिया काव्हालेत्ती यांनी त्याच पायावर बालकांच्या धर्मशिक्षणाची पद्धती उभारली. या सर्वांतून एकच गोष्ट निघते. लहान मूल ऐकून, हाताळून, पाहून शिकते, आणि यासाठी अंगण, मेणबत्ती व शांत बसलेली आई पुरेशी असते.

७. धर्मगुरू व धर्मशिक्षक यांचे काम

आता पीपलरावांकडे परत वळू. त्या कुटुंबाला काय सांगावे? वरील विवेचनावरून उत्तर असे निघते : मूल लहान असेपर्यंत घर हीच त्याची शाळा असू द्या, शाळेचे वय झाले की त्याला गावातल्या मुलांबरोबर पाठवा, आणि शाळेत जाऊ लागले म्हणून घरची शाळा बंद करू नका. शेवटचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे आहे. मुलाला शाळेत घालणे ही आपल्या समाजाची चूक नव्हे. शाळा आणि रविवारचा वर्ग यांच्यावर श्रद्धेचा सगळा भार टाकून घराने हात झटकले, ही चूक होय. गृहशिक्षणाचे पुरस्कर्ते घराचा किल्ला करू पाहतात, बाकीच्यांनी घराची धर्मशाळा केली आहे, जेथे माणसे केवळ मुक्कामाला येतात. या दुसऱ्या दोषाला आपण धर्मगुरूही जबाबदार आहोत. धर्मसंहितेचे ९१४ वे कलम प्रथम ख्रिस्तशरीर-स्वीकारासाठी मुलाची तयारी करण्याचे कर्तव्य आधी आईबापांवर व मग धर्मग्रामाच्या धर्मगुरूंवर टाकते. व्यवहारात आपण हा क्रम उलटा केला, आणि आईबापांना गणवेश व मेजवानी यांची व्यवस्था तेवढी शिल्लक ठेवली.

म्हणून धर्मशिक्षकाने आपला वर्ग मुलांपुरता न ठेवता आईबापांपर्यंत न्यावा. दूरच्या गावातील एकेकट्या कुटुंबाकडे जाताना मुलाची परीक्षा घेण्याऐवजी आईला एक कथा सांगता येईल इतके साहाय्य करावे. जेथे दोन-तीन कुटुंबे आहेत तेथे त्यांना महिन्यातून एकदा एकत्र बसवावे, कारण नागासाकीचा धडा हाच आहे. घरात बायबल मराठीत मोठ्याने वाचले जावे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ हाती असताना भाषा अवघड असल्याची सबब उरलेली नाही.

आणि कथा शोधायला दूर जावे लागत नाही. त्याच देवास जिल्ह्यात उदयनगर येथे भगिनी राणी मारिया यांनी गोरगरिबांत काम केले. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी त्यांची हत्या झाली आणि ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरला त्यांना धन्य घोषित करण्यात आले. त्यांच्या सख्ख्या बहिणीने तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली. पुढे तो केरळात त्यांच्या घरी गेला, तेव्हा वृद्ध मातेने त्याचे हात हाती घेऊन त्यांचे चुंबन घेतले. क्षमेचा हा पाठ कोणत्याही अभ्यासक्रमात छापलेला नव्हता. पुल्लुवळी गावच्या एका शेतकरी घरात जपमाळेच्या वेळी तो हळूहळू मुरला असावा. पण ज्या मुलीने तो घरी घेतला, ती घरात बसून राहिली नाही. ती परक्या मुलखात, परक्या भाषेत, शेजाऱ्याच्या दारी गेली. घरच्या शिक्षणाचे मूल्यमापन करावयाचे ते यावरून : मूल किती सुरक्षित राहिले हे पाहू नये, दार उघडल्यावर ते कोणाच्या मदतीला धावले, हे पाहावे.